पोह्यांतली मोहरी चालू लागली

मी आयुष्यात एकच सोफा बनवला आणि त्यात आमच्याआधी दुसरेच राहायला आले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चारकोपला नवी खोली मिळाली होती. परदेशी मशिनं ज्या खोक्यांतून गोदीत येत, त्या खोक्यांच्या फळ्या मी स्वस्तात उचलल्या आणि सोफा ठोकला. (थोडा कलता होता, पण आमची फरशी तरी कुठे सरळ होती!) लवकरच सोफ्याखाली पिठासारखा भुसा पडू लागला.

"रे मेल्या, सोफ्याक किडो लागलो!" आई.

"विलायती लाकूड आहे. आधी सेट होतं ते," मी ठणकावलं.

अशात धाकट्या बहिणीला, नंदाला बघायला मुलगा येणार ठरलं. कॉलेजात शिकवणारा. नंदाला फोटोतच आवडलेला!

"दादा, तेवढा सोफा उचल ना रे. वाट लागेल माझी!"

पण पाहुणे बसणार कशावर? मी सकाळीच भोकाभोकांत रॉकेल ओतलं. मग वास जावा म्हणून उदबत्त्या पेटवल्या.

"रॉकेलवर उदबत्ती?" नंदाने किंचाळत त्या विझवल्या.

मुलगा आणि त्याची आई सोफ्यावर बसली. पोहे आले. किडे रॉकेलने मेले नव्हते, नुसते घर सोडून निघाले होते!

"या मोहरीला पाय आहेत," मुलाची आई थंडपणे म्हणाली.

नंदाचे डोळे भरले. इतक्यात मुलगा ओरडला, "आई, हलू नकोस!" त्याने ती मोहरी चिमटीत धरली आणि खिशातून भिंग काढलं. (मुलगी बघायला भिंग!) "लाकूड पोखरणारा भुंगेरा! प्राणिशास्त्र शिकवतो मी, पण असला कधी पाहिला नाही."

"सोफा मीच बनवलाय," मी पुढे सरसावलो.

"ते दिसतंय," त्याची आई म्हणाली.

"खाली अजून असतील," नंदा डोळे पुसत म्हणाली. "टॉर्च आणू?"

दोघंही सोफ्याखाली पालथी! बाहेर नुसते चार पाय आणि आतून कुजबूज.

"अहो, तिकडे नाही, इकडे बघा!"

"अरे वा! डोळे तेज आहेत हो तुमचे!"

मग हसणं. दोघं बाहेर आली मात्र, सोफ्याचा पाय मोडला आणि मुलाची आई सोफ्यासकट डावीकडे कलंडली. पदरावरचा भुसा झटकत ती उठली.

"मुलगी पसंत आहे. देण्याघेण्याचं काही नको. फक्त भावाने स्वतःच्या हाताने काही बनवून देऊ नये!"

लग्न थाटात झालं. भुंगेरा मेहुण्यांच्या कॉलेजात बाटलीत आहे, अजून बिननावाचा. आणि मी नंदाकडे गेलो की तिची सासू लाकडी खुर्ची बाजूला सरकवून मला लोखंडी देते. तिने किड्यांना केव्हाच माफ केलंय, मला नाही!