जोडहोडी आणि खळीचं शीड

मुंबईत होड्यांच्या एका क्लबात मी आठ वर्षं कामाला होतो. होड्या खरवडायच्या, रंगवायच्या, शिडं शिवायची आणि मालक मंडळी यायच्या आत एक फेरी मारून बघायची. त्या फेरीसाठीच मी नोकरी करत होतो म्हणा ना. पुढे वडील थकले, घरचे चादरींचे माग बघायला कोणी नव्हतं, म्हणून सोलापूरला परत आलो. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात मी होडी घेणार म्हटल्यावर आमच्या गल्लीला महिनाभर विषय पुरला. पण दुष्काळ सरून गावाजवळचं हिप्परग्याचं तळं पुन्हा भरलं होतं आणि मी हट्टाला पेटलो होतो.

क्लब दोन जुन्या जोडहोड्या काढून टाकत होता. जोडहोडी म्हणजे कॅटमरान. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, मध्ये बसायला ताणून बांधलेली ताडपत्री आणि वर शीड बांधायची डोलकाठी. मला एकट्याला मनसोक्त हिंडायचं होतं आणि रविवारी बायको-मुलांना फिरवायचं होतं, दोन्ही एकाच होडीत. क्लबाच्या त्या दोन जोडहोड्यांतली लांब होडी भन्नाट पळायची. माझा जीव तिच्यावर जडलेला. आखूड होडी जाडजूड आणि संथ, तिच्याकडे मी नीट पाहिलंही नव्हतं. बायकोला मुंबईला नेलं ते निवड करायला नव्हे, माझी निवड दाखवायला.

बायकोने लांब होडीचं टोक धरून उचलून पाहिलं. हललंसुद्धा नाही. मग आखूड होडीचं टोक धरलं, ते गुडघ्यापर्यंत वर आलं.

"ही घ्या," ती म्हणाली.

घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण भांडायला ती मराठी काढते. मी म्हटलं, चालवणार मी आहे, तुला उचलून काय करायचंय?

"आन् तुमी पडलात पाण्यात तर? पोरं घिऊन मी कुटं जाऊ? जी मला एकटीला आवरंल तीच घ्यायची."

आठ वर्षं समुद्रावर काढलेला माणूस तळ्यात पडतो का, असं मी तावातावाने विचारलं. घेतली मात्र आखूडच. ट्रकवर उलटी बांधून आणली, तेव्हा जकात नाक्यावरच्या कारकुनाने तिच्याभोवती तीन चकरा मारल्या आणि शेवटी ‘लाकडी सामान’ म्हणून सोडून दिली.

पुढचा महिनाभर बायको हट्टाने सुकाणू धरायला शिकली. होडीबरोबर आलेलं जुनं शीड तेवढंच टिकलं, मग फाटलं. वडील म्हणाले, चादरी विणणाऱ्याच्या घरात बाहेरून शीड आणलं तर लोक तोंडात शेण घालतील. त्यांनी स्वतः मागावर बसून साधं, पण दाट विणीचं सुती कापड विणलं आणि वरून कडक खळ दिली. शिवून झाल्यावर ते दारात उन्हाला धरलं आणि त्यातून फुंकर मारून दाखवली. पलीकडे हवेचा कण जात नव्हता. सगळ्या गल्लीने बोटांत धरून चुरगाळून पाहिलं, माना डोलावल्या. मीही डोलावली. आमच्या धंद्यात कापडाची पारख कोरडं असताना होते. शीड भिजतं, आणि भिजल्यावर खळ सुटते, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर होड्यांतला जाणकार!

त्या रविवारी बायको आणि दोन मुलं होडीवर होती. तिघांच्या अंगाला हवा भरलेल्या ट्यूबा बांधल्या होत्या. मी बांधली नाही, कारण मी जाणकार. तळ्याच्या मध्यावर लाटा उडायला लागल्या आणि शिडाचा खालचा अर्धा भाग भिजला. पांढरं खळीचं पाणी मुलांच्या डोक्यावर गळायला लागलं. वरचा भाग कागदासारखा ताठ, खालचा लोंबता. होडी वळेना. मी सुकाणू बायकोच्या हातात दिलं आणि शीड सारखं करायला उभा राहिलो. शिडाचा आडवा बांबू फिरला, माझ्या पाठीत बसला, आणि मी पाण्यात.

वर आलो तर होडी पुढे गेली होती. मी जीव खाऊन हात मारले, पण अंतर वाढतच होतं. मुलांच्या अंगावरच्या काळ्या ट्यूबा लहान लहान होत चालल्या. मला पोहता येतं, बुडण्याची भीती नव्हती. ती तिघं वाऱ्याबरोबर कुठल्या कुठे जातील, या भीतीने मात्र माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं.

तेवढ्यात बायको पाणी उपसायच्या डब्याने शिडावर पाणी फेकताना दिसली. वरच्या कोरड्या भागावर, डब्यामागून डबा. मला वाटलं, घाबरून हिचं डोकं फिरलं. पण ती मागावर वाढलेली पोर. ओलं सूत फुगतं आणि वीण घट्ट बसते, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. शीड सगळं एकसारखं भिजलं, दोर तिने खेचला आणि शिडात वारा भरला. मग सुकाणू दाबून मोठा वळसा घेत तिने होडी माझ्याकडे आणली. अगदी हाताला लागेल अशी.

"चढा," ती म्हणाली. "आन् गप बसा तितं, पोरांजवळ."

मी बसलो. लाज वाटत होती, पण त्याहून जास्त माझी छाती फुगली होती, हे आज सांगायला हरकत नाही.

वडिलांनी ते शीड धुऊन खळ काढली आणि महिनाभर कोणाशी त्याचा विषय काढला नाही. एका रविवारी बायकोने मुलांना माझ्याकडे सोपवलं आणि ती एकटीच होडी घेऊन गेली. आम्ही बंधाऱ्यावर उभे होतो. बैल पाण्यावर आणलेला एक शेतकरी डोळ्यांवर हात धरून बघायला लागला.

"कोन हाय हो तिकडं नावंवर? बाईमानूस दिसतंय की!"

"माझी बायको हाय," मी म्हणालो. जरा जास्तच मोठ्याने.

"एकलीच? मग तुमी हितं काय करताय?"

"बघतोय की."