रिकाम्या हातांची भेट

गुरुवार, २२ नोव्हेंबर १९७३. हजर: रूथबाई, मी आणि आमच्या चर्चमधल्या एक बाई, ज्यांना कुठल्याही यादीत आपलं नाव आलेलं खपत नाही.

रूथबाईंचे यजमान जाऊन तीन आठवडे झाले. तेव्हापासून त्या खाटेवरच पडून असतात, स्टोव्हही पेटवत नाहीत. कोणी कोणत्या वारी डबा न्यायचा, ते मी ठरवून देते. या बाई मात्र दुःखाच्या घरी रिकाम्या हातानेच जातात, म्हणून त्यांच्या वाराला डबाही मीच नेते.

दोन वाक्यांत प्रार्थना आटोपून त्या म्हणाल्या, "रूथ, मले भूक लागली वं."

मी लगबगीने डबा उघडला.

"हे वांगं तुम्हीच खा," त्या मला म्हणाल्या. "मले रूथच्या हातचं बेसन पाहिजे. काहून वं, विसरली का करायचं?"

मी शरमेने खाली पाहू लागले.

"कशाले विसरीन? बेशरम आहे तू!" असं म्हणत रूथबाई उठल्या आणि त्यांनी स्टोव्ह पेटवला.

बाईंनी तीनदा वाढून घेतलं, रूथबाईंनाही सोबत जेवायला बसवलं आणि मीठ जास्त झाल्याचं सांगून निघून गेल्या.

रूथबाईंनी बेसनपिठाचा डबा हलवून पाहिला. "संपवलं पहा तिनं. पुढच्या गुरुवारी येईनच ते बेशरम. अर्धा किलो आणून ठेवजा."

ते आणायचं अजून राहिलं आहे.