डिशवॉशरमध्ये अडलेलं पाणी

नोकरीतली सगळी वर्षं मी पाणी अडवण्यात घालवली. खात्याचं कामच ते होतं. जामसरपासून पोशेऱ्यापर्यंतच्या ओहोळांवर लहान लहान बंधारे बांधायचे आणि डोंगरावरून धावत सुटलेलं पावसाचं पाणी थोडे दिवस तरी इथे थांबेल असं बघायचं. ते काही थांबायचं नाही. दिवाळी झाली की बंधारा कोरडा आणि मी साहेबांसमोर मान खाली घालून उभा. आणि आता निवृत्तीनंतर, जव्हारच्या माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, एका पांढऱ्या पेटीच्या तळाशी पाणी असं ठाण मांडून बसलं की हलायचं नाव घेईना. मला त्या पाण्याचा इतका राग आला की विचारू नका.

ही पेटी म्हणजे डिशवॉशर. तो मुलाने घेतला. मुलगा बेंगळुरूला असतो. उन्हाळ्यात त्याच्या घरी पाळणा हलणार होता आणि त्यासाठी आई हवी होती. आईला न्यायचं तर बाबांची काहीतरी सोय लावली पाहिजे, असा विचार त्याने केला असणार. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई पाऊस लागला की आपल्या शेतावर भाताच्या लावणीला जाते, ती पार कापणी होईपर्यंत फिरकत नाही. तेव्हा मे महिन्यात पेटी आली. खोडाळ्याच्या एका प्लंबरने स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडून तिचा पाइप मागच्या अळूत सोडला. मग चार दिवसांनी माझी बायको बेंगळुरूला गेली. म्हणजे मुलाने आई नेली आणि डिशवॉशर दिला. हा व्यवहार मला विचारून झाला नव्हता.

"पाऊस लागेपर्यंत येते हं," असं ती जाताना म्हणाली होती. मग बारसं झालं. मग पोराने मान धरू दे, मग पालथं पडू दे, मग बसू दे. पोराच्या प्रत्येक प्रगतीला तिचं तिकीट पुढे ढकललं जायचं. नातू आहे, मी काय बोलणार? कुणी विचारलं की मी सांगायचो, "माझं तिच्यावाचून काही अडत नाही, मशीन आहे ना!" लोक हसायचे. मीही हसायचो.

एकट्या माणसाला डिशवॉशर वापरणं किती अवघड आहे हे मुलाच्या लक्षात आलं नसावं. ती पेटी भरता भरत नाही. सकाळचं एक पातेलं, एक ताटली, चहाचा कप, रात्री पुन्हा तेवढंच. आमच्या घरात खरकटं भांडं रात्रभर कधी राहिलं नाही. माझी आई ते राहू देत नव्हती, बायको राहू देत नव्हती. आणि आता मी खरकटी भांडी पेटीत जमवत बसायचो, पेटी भरायची वाट बघत. शेवटी कंटाळून मी फडताळातली स्वच्छ भांडी काढून त्यात लावायला लागलो. पाहुण्यांची ताटं, बायकोची वाटी, नातवासाठी कुणी आहेरात दिलेला तो इवलासा पेला. पेटी भरलेली दिसली की बरं वाटायचं. घरात जेवणावळ झाली आहे असं वाटायचं. कुणी पाहिलं असतं तर मला वेडात काढलं असतं, पण पाहणार कोण?

गणपती गेले आणि बिघाड सुरू झाला. आधी तळाशी वाटीभर पाणी राहायचं. मग तांब्याभर. मग एके दिवशी दार उघडलं तर हळदीचा तवंग आलेलं पिवळं पाणी सगळ्या तळावर, त्याला खालच्या ताटल्या टेकलेल्या, आणि आंबूस वास. मी वाटीने पाणी उपसून बादलीत टाकलं, उरलेलं फडक्याने टिपलं, आणि पुन्हा मशीन लावलं. पुन्हा तेच.

बायकोला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण ती माझ्या नुसत्या "हॅलो"वरून ओळखते.

"काय झालं हो?"

"कुठे काय?"

"मशीन बिघडलं ना?"

मग सांगावं लागलं. पलीकडे नातू किरकिरत होता. मग ती म्हणाली, "हे बघा, ते दुरुस्त नाही झालं तर दसऱ्याला मी येतेच. मुलाला तसं सांगून ठेवते. तुमचे हाल करून मला इथे बसायचं नाही."

मला लाज वाटण्याइतका आनंद झाला. खरं म्हणजे त्याच वेळी पेटीचं दार लावून टाकायचं आणि दसऱ्याची वाट बघायची, एवढंच काम होतं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण अडलेलं पाणी समोर दिसत असताना हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही. हा स्वभाव काही चांगला नाही, आणि या वयात बदलणारही नाही.

आधी कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक मुलगी हिंदीत बोलायला लागली. तिने माझा पिनकोड विचारला आणि फार दुःख झाल्यासारख्या आवाजात सांगितलं की आमचा माणूस तुमच्याकडे येत नाही. नाशिकला येतो, पालघरला येतो. "सर, मैं आपको फोन पर ही बता देती हूँ," ती म्हणाली. मी कागद घेऊन बसलो. मग तिने विचारलं, "सर, घर में और कोई है जो मशीन देख सके?"

"नहीं."

"कोई भी नहीं?"

"नहीं, बेटा."

बिचारीने पुढे अगदी सावकाश, एकेक शब्द तोडून सांगितलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर मला तिचे बाकीचे प्रश्न आठवेनात, तेवढा एकच डोक्यात राहिला.

तिने सांगितलं त्याप्रमाणे मी तळाची जाळी फिरवून काढली. जाळीत भाताची शितं होती, लिंबाची बी होती आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पेजेचा तपकिरी लगदा. नागलीची भाकरी मला थापता येत नाही, ती तव्यापर्यंत जायच्या आतच तुटते. म्हणून मी पेज करतो. बायको पेज खाऊ घालायची ती आजारपणात, आता मी ती रोज खातो. जाळी जुन्या टूथब्रशने खरवडून लख्ख केली. खालच्या खळग्यात बोट घालून पाहिलं, पाणी ढकलणारं छोटं चाक मोकळं फिरत होतं. पेटी पुढे ओढून मागची नळी पाहिली, तिला कुठे पीळ पडला नव्हता. सगळं जागच्या जागी लावलं, मशीन सुरू केलं आणि स्टूल घेऊन समोर बसलो. घरघर झाली, शेवटी पंप कण्हत कण्हत थांबला. दार उघडलं. पाणी तिथेच.

दुसऱ्या दिवशी बाजारात जामसरची भाजीवाली भेटली. बायको तिच्याकडूनच भाजी घ्यायची, दोघींच्या तासन् तास गप्पा चालायच्या. मला बघून ती म्हणाली, "बाबा, आई कदी येतील?"

"दसऱ्याला येईल बहुतेक," मी म्हणालो. हे पहिल्यांदाच मोठ्याने बोललो.

"येऊ द्या त्यांना लवकर. तुमाला भाजी निवडाया जमत नाय," ती म्हणाली आणि माझ्या पिशवीतली जून भेंडी काढून तिने कोवळी टाकली. येताना चढावर मी स्वतःशीच गुणगुणत होतो. दसऱ्याला घर झाडायला हवं, तिची गादी उन्हात टाकायला हवी, असं काय काय मनात येत होतं.

आणि घरात पाऊल टाकलं तोच डोक्यात आलं की अरे, आपण नळी पाहिली, पण नळीच्या पुढे काय आहे ते कुठे पाहिलं? बंधाऱ्यावर ज्युनिअर पोरांना मी हेच ओरडून सांगायचो, पाणी कुठे अडलं ते पाण्याच्या वाटेने चालत जाऊन बघा. भेंडी तशीच टेबलावर टाकली. भिंतीतल्या पाइपात घट्ट बसवलेली नळी उपसून बादलीत सोडली आणि पंप चालू केला. काय धार लागली म्हणून सांगू! खळाळून बादली भरली. म्हणजे मशीन ठणठणीत होतं. मग भिंतीतल्या पाइपात मगाने पाणी ओतलं. ते काठापर्यंत आलं आणि माझ्याकडे बघत उभं राहिलं. पाइपच तुंबला होता.

कोयता घेऊन मागे गेलो. पावसात अळू छातीपर्यंत वाढलं होतं. देठ बाजूला सारत सारत पाइपाचं तोंड शोधलं. तोंडाला काहीतरी बांधलेलं होतं. चिखल पुसून पाहिलं तर मच्छरदाणीचा तुकडा, दुहेरी केलेला, आणि वरून परकराच्या नाडीने आवळलेला. त्या जाळीवर आतल्या बाजूने पेजेचा आणि तुपाचा थर बसून तिची भाकरी झाली होती.

गाठ बघितली आणि मला कळलं. माझी बायको कधी सुरगाठ मारत नाही. एक गाठ, तिच्यावर दुसरी, आणि मन भरत नाही म्हणून तिसरी. लाडवाचा डबा असो की अंथरुणाची वळकटी, सोडवताना नखं तुटतात. एका पावसाळ्यात मोरीच्या भोकातून धामण आत आली होती. मी हसण्यावारी नेलं, ती मात्र तेव्हापासून घरातल्या प्रत्येक भोकाच्या मागे लागली होती. प्लंबरने नवा पाइप काढला, तेव्हा तिला त्यात पाणी जायची वाट दिसलीच नसणार, साप यायची वाट दिसली असणार. मी एकटा राहणार होतो. म्हणून जायच्या गडबडीत, मेच्या उन्हात, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी ती इथे ओणवी झाली आणि हे बांधून गेली. मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी चार शब्द सुनावलेच असते.

मी तिथेच मागच्या पायरीवर बसलो. मला तिची खूप आठवण आली. गेले चार महिने मी लोकांना विनोद सांगत हिंडत होतो, आणि खरं तर मला या घरात फार एकटं वाटत होतं. हे मी कुणालाच बोललो नव्हतो, तिलाही नाही.

नाडी कापायचं जिवावर आलं. गाठी नखांनी सोडवत बसलो. शेवटची सुटली तसा पाइप गडगडला आणि सगळं पिवळं पाणी माझ्या पायांवर आलं. जाळी नळाखाली धुतली आणि पुन्हा पाइपाच्या तोंडाला बांधली, जरा सैल, दर आठवड्याला काढता येईल अशी. मग मशीन लावलं. तळ कोरडा. बोट फिरवून पाहिलं, एक थेंब नाही.

आता सांगायचं की नाही, हा प्रश्न होता. नाही सांगितलं तर दसऱ्याला ती आलीच असती. आल्यावर सांगता आलं असतं, की अगं कालच दुरुस्त झालं. मी हे अगदी पक्कं ठरवलं. ठरवून फोन हातात घेतला, तिचा चेहरा पडद्यावर आला आणि मी म्हणालो, "अगं, जमलं! मीच केलं!"

मग मला थांबवता येईना. बादलीची धार, अळू, कोयता, सगळं सांगितलं. फोन पेटीत घालून कोरडा तळ दाखवला. मच्छरदाणीचं सांगितलं तेव्हा ती आधी "अगं बाई" म्हणाली, मग काळजीने म्हणाली, "परत बांधलीत ना?"

"बांधली."

"घट्ट?"

"तुझ्याएवढी नाही."

ती हसली. मुलगा मागून ओरडला, "बाबा, एक नंबर!" मला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं वाटत होतं. नातू तिच्या मांडीवर बसून तिचं मंगळसूत्र चावत होता. तिने ते हळूच त्याच्या तोंडातून काढलं.

"म्हणजे आता तुमचं नीट चाललंय म्हणायचं," ती म्हणाली.

"झकास चाललंय."

"मग एक विचारू का? सूनबाईचं ऑफिस सुरू होतंय. पाळणाघरवाले चालता येणारी मुलंच घेतात म्हणे." ती खाली नातवाच्या डोक्याकडे बघत राहिली. "तर मी अजून सहा महिने राहू का? तुम्ही म्हणत असाल तरच. तुमचं अडत असेल तर तसं सांगा, मी यांना काहीतरी सांगून निघते."

मुलगा मागेच उभा होता. सूनही असेल. मी म्हणालो, "रहा की! इथे काय अडलंय माझं?"

पडद्यावर तिचा चेहरा हललाच नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं, म्हणून मी फोन हलवून पाहिला. नेटवर्क होतं. ती माझ्याकडेच बघत होती.

"काहीच नाही ना अडलं?" तिने पुन्हा विचारलं.

"छे."

"बरं," ती म्हणाली. मग तिने नातवाचा हात धरला आणि माझ्याकडे बघून हलवला. "टाटा कर आजोबांना," ती त्याला सांगत होती, आणि तो करत नव्हता, म्हणून तीच त्याचा हात धरून हलवत राहिली.