फुंकर मारली की तापणारा चहा

जेवणाच्या सुट्टीनंतर कॉम्प्युटर लॅबमधल्या पंख्याची घरघर आणि मृण्मयीच्या पापण्या एका लयीत येऊ लागतात. समोरच्या पडद्यावर त्यांच्या मॉडेलमधला रिॲक्टर पुन्हा तापत चाललाय. भोवतीचं थंड पाणी वाढवावं, तसा जास्तच.

चार वाजता हे मॉडेल सगळ्या विभागासमोर चालवून दाखवायचंय. आतली रासायनिक क्रिया तिनं लिहिली, बाहेरून फिरणारं थंड पाणी प्रोजेक्टमधल्या जोडीदारानं, हर्षल बोरोलेनं. वेगवेगळे चालवले तर दोन्ही भाग शहाण्यासारखे वागतात. जोडले की पिसाळतात. हर्षलला विचारता आलं असतं. पण त्यानं न विचारता तिच्या कोडमधल्या सगळ्या चलांची नावं बदलली, तेव्हापासून अबोला आहे. दोघं एकमेकांच्या फाइलीत टिपा सोडतात. तिची शेवटची टीप : ‘कृपया माझ्या ओळींना हात लावू नये.’

कॅन्टीनमधून आणलेला चहाचा ग्लास बाजूला सारून ती हातावर डोकं टेकते. क्षणभरच.

“सरक गं जरा.”

ती सरकते. बाक कॅन्टीनचा आहे. शेजारी नेहेते सर बसतात, बाहीला खडूची भुकटी, हातात चहाचे दोन ग्लास.

“सर, तुम्ही तर दिवाळीत...”

“गेलो. मला माहीत आहे. चहा घे.”

“तिकडे कसं आहे?”

“स्टेडी स्टेट. काही म्हणता काही बदलत नाही. जन्मभर वर्गात तेच गृहीत धरलं, आता भोगतोय.”

चहा गरम आहे. ती फुंकर मारते, तर तो उकळायला लागतो. आणखी फुंकते, तर ग्लासाबाहेर उड्या मारतो. पंख्याखाली बसलेली पोरं घामानं निथळतायत. काउंटरमागे बर्फाच्या लादीवर भजी तळली जातायत.

“हे काय आहे, सर?”

“तुमचं मॉडेल. राहायला दुसरी जागा नव्हती, म्हणून आलो.”

भजीवाल्यामागची भिंत आता फळा आहे आणि मृण्मयी खडू घेऊन उभी आहे.

“समीकरणाआधी काय काढायचं?” सर विचारतात. चार वर्षं हेच विचारत होते.

“चौकोन.”

“मग?”

“बाण. उष्णता कुठून कुठे जाते त्याचा.”

“काढ की.”

खडू हवेतच राहतो. “तो हर्षलच्या फाइलीत असेल.”

“तो म्हणतो, तुझ्या फाइलीत असेल.”

“तुम्ही त्याच्याही स्वप्नात गेलात?”

“काल. मला म्हणाला, सर, तुम्हीच सांगा ना तिला! मेलेल्या माणसाला निरोप्या करता?”

“मी बोलत नाही त्याच्याशी.”

“नको बोलूस. एक बाण विचार आणि पुन्हा अबोला धर. आता चहा संपव. टाकायचा नाही.”

सरांचं ऐकायची सवय आहे. ती मोठा घोट घेते.

आणि दचकून उठते. लॅब. घरघर. समोरच्या खुर्चीत हर्षल, पाठ ताठ, तिच्याकडे न बघण्यात गर्क.

“हर्षल.”

तो इतका दचकतो की माउस खाली पडतो. “काय गं?”

“पाण्याकडे जाणारी उष्णता तू अधिक धरलीस की उणे?”

“अधिक. बाहेर जाते ती अधिक.”

“मी आत येते ती अधिक धरलीय.”

तो पडद्याकडे बघतो. “म्हणजे माझं थंड पाणी...”

“तापवतंय.”

तो कीबोर्ड तिच्याकडे ढकलतो. “तुझी ओळ आहे. मी हात लावणार नाही.”

ती एक उणे चिन्ह टाकते. आलेखाची रेघ चढते, वळते आणि निमूटपणे आडवी होते.

“आयला! कसं सुचलं?”

“चहा पिताना.”

हर्षल तिच्या ग्लासाला बोट लावतो. ग्लास काठोकाठ भरलेला आहे, वर जाड साय. “हा? हा तर केव्हाच गार झालाय. तू प्यायलीच नाहीस.”

मृण्मयी जीभ टाळूला लावून बघते. शेंडा चांगलाच हुळहुळतोय.

“पाणी दे ना जरा,” ती म्हणते. “जीभ भाजलीय.”

तो एकदा गार ग्लासाकडे, एकदा तिच्याकडे बघतो आणि आपली बाटली पुढे करतो. ती घाबरत घाबरत घोटभर पाणी तोंडात धरते.

जीभ निवते.