पाच दारांचा जोगवा

आमच्या विरंगुळा केंद्रात दर शनिवारी कॉलेजची पोरं येतात. म्हाताऱ्या माणसांबरोबर वेळ घालवायचा, असं त्यांच्या मॅडमनी त्यांना नेमून दिलंय. पहिल्या शनिवारी त्यांनी फुगे आणले. फुगे! आमच्यातली निम्मी माणसं दम्याची. मग संगीत खुर्ची खेळू म्हणाली. मी म्हटलं, "बाळांनो, एकदा बसले की मला उठवायला दोघं लागतात. तुमचा खेळ संपायचाच न्हाय." पोरं हसली आणि तिथनं पुढं जरा माणसांत आली.

त्यातली जळकोटची एक पोरगी माझ्याजवळ येऊन बसायला लागली. तिला मला काही शिकवायची घाई नव्हती. माझ्या पिशवीतल्या शेंगा फोडून खायची आणि बडबड करायची. मला अशी माणसं आवडतात.

यंदा घट बसले त्या शनिवारी मी गप्प होते. तिनं ओळखलं. "आज्जी, आज शेंगा न्हाईत का मूड न्हाय?"

मग तिला सांगितलं. माझा ल्योक दोन वर्षांचा असताना तापानं फणफणला होता. डॉक्टरनी हात टेकले. तेव्हा मी तुळजापूरच्या आईला बोलले, ह्याला जगव, जिवात जीव हाय तोवर नवरात्रातल्या मंगळवारी पाच घरी जोगवा मागीन. म्हणजे परडी घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं, देवीच्या नावानं मागायचं, आणि मूठभर पीठ मिळंल ते घरी आणून शिजवायचं. पोरगा जगला. मी एक साल चुकवलं न्हाय. यंदा मात्र गुडघ्यांनी दगा दिला. केंद्रापर्यंतचा सपाट रस्ता जमतो, लोकांच्या घरांच्या पायऱ्या जमत न्हाईत.

आणि ल्योकानंही दगा दिला. तो मोठा साहेब झालाय इथं धाराशिवात, मी त्याच्याकडंच राहते. म्हणाला, "आई, माझ्या ऑफिसातली माणसं ह्याच कॉलनीत राहतात. साहेबाची आई दारोदार मागत फिरती म्हणतील. मी पन्नाशीला आलो आता. फिटला तुझा नवस."

"फिटला का न्हाय ते तू ठरवणार? तू काय देवीचा कारकून हाईस?" असं मी ठणकावून बोलले खरी. पण तो कामासाठी रोज गाडी घेऊन हायवेनं फिरतो. नेम मोडला आणि कुठं काही बरंवाईट झालं तर? हसायचं तर हसा, मला भ्या वाटत होतं.

पोरगी म्हणाली, "आमच्या होस्टेलवर या की आज्जी. इथं मागंच हाय, एक पायरी न्हाय. आमी पाच जणी पाच दारांत उभ्या राहतो."

मला असं हायसं वाटलं! पण शेजारी कॅरम खेळणारे एक रिटायर मास्तर होते, त्यांना राहवलं न्हाय. "चूल न्हाय ते घर न्हाय बाई. ह्या पोरींचा डबा रोज एसटीनं गावाकडनं येतो. खोलीत पिठाचा कण न्हाय, त्या काय जोगवा वाढणार?"

मनात म्हटलं, मेल्या, तुला कुणी विचारलं! पण बोलणं खरं होतं. पोरगी मग म्हणाली, "तुमी मंगळवारी या तर खरं."

मंगळवारी मी गळ्यात कवड्यांची माळ घातली, परडी घेतली, घरात कुणाला न सांगता निघाले. होस्टेलच्या मॅडमनी स्वतः गेट उघडलं. पहिल्या दारात जळकोटची पोरगी, डोक्यावर ओढणी घेऊन उभी.

"जोगवा वाढा माय," मी म्हटलं.

तिनं ओंजळभर ज्वारीचं पीठ परडीत घातलं. "हे आमच्या घरचं हाय आज्जी. सकाळच्या डब्यातनं आलं. आई म्हणाली, आज्जी आपल्याच उंबऱ्यात आल्या असं समज."

मला पुढचं दार दिसंना. डोळे पुसले आणि गेले. दुसरी तेरची, तिसरी नळदुर्गजवळची, चौथी कळंबकडची. सगळ्यांनी घरी फोन करून डब्यात पीठ मागवलं होतं. पोरींच्या आयांनी ते कुठं पुडीत, कुठं रुमालात बांधून दिलेलं.

पाचव्या दारातली मान खाली घालून उभी होती. हातात दुकानातली पिठाची पिशवी. म्हणाली, "माझा डबा येत न्हाय आज्जी. आई न्हाय मला. मी खानावळीत जेवते. हे चालंल का?"

"जोगवा माघारी लावायचा नसतो गं बाई. दार तुझं, हात तुझा. वाढ." तिनं वाढलं. मी तिला हळदीकुंकू लावलं, तर माझं मनगट सोडंचना. मीही सोडवून घेतलं न्हाय.

संध्याकाळी त्या पिठाच्या भाकरी केल्या. ल्योक जेवता जेवता म्हणाला, "आज भाकरी वेगळी लागती." मी कंबर कसून सगळं सांगून टाकलं. भांडायचंच तर आता भांडून घेऊ. पण तो भांडला न्हाय. कुठल्या कुठल्या गावचं पीठ ते विचारत राहिला.

"आणि पाचवीचं?"

"दुकानातलं. आई न्हाय तिला. खानावळीत जेवती."

तो मग उठला, हात धुतले, आणि आत जाऊन फडताळात खडखडाट करायला लागला. मी ओरडले, "काय हुडकतोस?"

"डबा." बाहेर आला तो धूळ बसलेला पितळी डबा घेऊन, फुंकर मारत. "उद्यापासनं दोन भाकरी जास्ती टाक आई. होस्टेल माझ्या वाटेवरच हाय, जाता जाता देत जाईन."

मी देवीकडं नुसता त्याचा जीव मागितला होता. बाकीचं तिनं वरनं घातलं.