सासऱ्यांच्या पापणीवरचा मोरपंखी

पार्लरमध्ये लागून तिला तीन महिने होत आले होते, आणि तेवढ्यात तिनं जे टॉवेल पिळले त्यांची दोरी केली असती तर गल्लीला दोन वेढे बसले असते. भुवया कोरण्यात तिचा हात कुणी धरला नसता. पापणीवर रंग लावायला बसली की मात्र घोडं अडायचं. डबीत बघावा तर झगझगीत मोरपंखी, पापणीवर बघावी तर चुलीतली राख!

मालकीणबाईंनी एक दिवस सांगून टाकलं, “शनिवारी माझ्यासमोर डोळा रंगवून दाखव. उठाव आला तर खिडकीजवळची खुर्ची तुझी. नाही आला तर भुवया आणि टॉवेल आहेतच.”

त्या खुर्चीवर तिचा जीव होता. दहावीला गणितानं तिला दोनदा आपटलं होतं. तेव्हापासून ‘हिला अमुक एक येतं’ असं तिच्याबद्दल कुणी म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. निदान एकदा ते कानावर पडावं, एवढंच तिला हवं होतं.

पण सराव करायचा कुणावर? नवऱ्याच्या पापणीला ब्रश लागला की ती पिंजऱ्यातल्या पाखरासारखी फडफडायची. शेवटी कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले सासरे म्हणाले, “माझ्या घे. नाहीतरी दुपारी त्या मिटलेल्याच असतात.”

“अहो मामंजी, लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. मी झोपलेला असेन.”

सासरे म्हणजे चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवलेला माणूस. शाळा चौथीपर्यंत, पण भिंत नुसती हातानं चाचपून ती किती रंग पिणार ते सांगायचे. परांचीवर चढून उन्हातान्हात उभं राहून त्यांच्या पापण्या काळवंडल्या होत्या, सुरकुतल्या होत्या. सूनबाईनं एकदा रंग फिरवला, दोनदा फिरवला. सासऱ्यांनी दाढीचा आरसा डोळ्यांपुढे धरला.

“हा रंग आहे की घर झाडलंस?”

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तसे ते सावरून बसले. “रडू नको, माझा रंग ओघळेल. हे बघ, तू लावत नाहीस, पुसतेस. ब्रश इकडून तिकडे फिरवतेस, म्हणजे पहिल्यानं बसवलेलं दुसरा फटकारा उचलून नेतो. माझ्या पापणीला कळतंय ना ते! टेकव आणि उचल. आणि अस्तर कुठाय? धुरकट, तेलकट भिंतीवर कुणी थेट रंग मारतं का? आमचे गुरुजीसुद्धा आधी पाटी पुसायला लावायचे, मग अक्षर.”

मग तिनं ओल्या कापसानं पापणीचं तेल टिपलं आणि डाग झाकायची फिकट क्रीम अस्तर म्हणून लावली. उत्साहात बोटभर लावली. सासऱ्यांनी डोळे उघडले तर पापणीवर आटलेल्या तळ्यासारख्या भेगा.

“जाड अस्तर फुटतं, सूनबाई. नखावर मावेल एवढंच घे.”

शुक्रवारी दुपारी तिनं नखाएवढंच घेतलं. अस्तर पुरतं वाळल्याशिवाय रंग लावायचा नाही हा सासऱ्यांचा कायदा, म्हणून उजव्या डोळ्याला दहा मिनिटं घड्याळ लावून थांबली, मग रंग टेकवला. डाव्याला अस्तर लावते न लावते तोच बाहेर दूधवाल्यानं हाक मारली.

“आटप, आटप, तो थांबायचा नाही,” म्हणत सासऱ्यांनी घाई केली. तिनं ओलसर अस्तरावरच रंग टेकवला, आणि मामंजी पातेलं घेऊन तसेच दारात!

“काका, डाव्या डोळ्याला काय झालं?” दूधवाला दचकला.

“सूनबाईचा हात,” मामंजी अभिमानानं म्हणाले आणि दूध घेऊन आत आले.

संध्याकाळपर्यंत सुनेनं सासऱ्याला मारल्याची बातमी गल्लीच्या टोकाला जाऊन परत आली. शेजारीण मलमाची ट्यूब घेऊन धावत आली, सूनबाईकडे जळजळीत बघितलं, मग सासऱ्यांच्या डोळ्याजवळ वाकली आणि वाकलेलीच राहिली.

“अगंबाई! मार नाही हा, रंग आहे. काय सुंदर आहे गं! कुठली डबी?”

“उजव्याचंही सांगा की,” सूनबाई म्हणाली.

“उजव्याला काय लावलंयस?”

सूनबाईनं दोन्ही पापण्या निरखल्या. डबी तीच, ब्रश तोच. डावा डोळा मोराचा, उजवा कबुतराचा. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “मामंजी, डाव्याचं अस्तर चिकट होतं! वाळल्यावर रंग धरतच नाही.”

आपला कायदा मोडला म्हणून दुसरा एखादा रुसला असता. सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. “म्हणजे भिंतीचं वाळवायचं आणि पापणीचं ओलं असतानाच गाठायचं! चाळीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही बघ.”

“तुम्ही पापण्या कुठे रंगवल्यात, मामंजी?”

शनिवारी खुर्चीत मालकीणबाई स्वतःच येऊन बसल्या. सगळं गाव नटवणारी बाई, पण तिच्या स्वतःच्या पापण्या तव्याच्या बुडासारख्या, आणि त्यांवर रंग कधी कुणी पाहिलेला नव्हता.

“माझ्यावर काहीच बसत नाही,” त्या म्हणाल्या. “बघू तुझं.”

सूनबाईनं डबी उघडली. मग तिनं मनातल्या मनात समोर मामंजींचा चेहरा बसवला. तेल टिपलं. नखाएवढं अस्तर. चिकट आहे तोवरच रंग टेकवला, उचलला, टेकवला, उचलला. कडा तेवढ्या हलक्या हातानं विरवल्या.

मालकीणबाईंनी डोळा उघडला. मिटला. आरशाजवळ सरकून पुन्हा उघडला.

“दुसरा कर,” त्या हळूच म्हणाल्या. आणि तो चालू असताना, “तुला येतं गं. कुठल्या क्लासला शिकलीस?”

“सासऱ्यांच्या पापणीवर.”

मालकीणबाई अशा हसल्या की तिला त्यांची हनुवटी धरावी लागली. “बाई, हलू नका, अजून बसला नाहीये!”

घरी आली तर मामंजी दारातच. “उठाव आला?”

“आला. खुर्चीसुद्धा.” पुढे बरंच बोलायचं होतं तिला. शिकवणारे तिला पुष्कळ भेटले होते. डोळे मिटून स्वतःचा चेहरा तिच्या हातात देणारा हा एकच. पण ती नुसतीच म्हणाली, “मामंजी, तुमच्यामुळे.”

“माझं काय त्यात? मी तर वाळव म्हणत होतो,” म्हणत ते तोंड धुवायला गेले आणि टॉवेलनं पापण्या खसाखसा पुसत खुर्चीत येऊन बसले.

“चल, आता जांभळा काढ. मोरपंखी दूधवाल्यानं बघितलाय.”