ठिपक्याची वाट

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या अंधाऱ्या खोलीत मी माझ्या नंबरची वाट बघत बसलो होतो. समोर एक आजी यंत्रात तोंड घालून बसल्या होत्या. एका डोळ्यावर पट्टी, हातात बटण. आत कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. काचबिंदूने नजर किती खाल्ली, ते त्यावरून कळतं.

उजव्या डोळ्याच्या वेळी आजींचा अंगठा सारखा हलत होता. मग पट्टी बदलली आणि अंगठा थांबला. प्रत्येक ठिपक्यासरशी होणारी यंत्राची बारीक टकटक तेवढी चालू राहिली.

मला वाटायचं, नजर जाते तेव्हा काळोख दिसतो. तसं नसतं म्हणे. कडेकडेचं जग गुपचूप नाहीसं होतं आणि उरलेलंच सगळं वाटत राहतं. जे दिसतच नाही, ते गेलं हे कळणार तरी कसं?

"अगं, सुरू कधी करणार?" आजींनी विचारलं.

तपासणाऱ्या मुलीने त्यांच्या डोळ्यावरची पट्टी काढली. "झालं आजी. संपलं."

मग माझं नाव पुकारलं. मी हनुवटी टेकवली, बटण हातात घेतलं. आत सगळं पांढरं, शांत. मी पहिल्या ठिपक्याची वाट बघू लागलो.

टकटक केव्हाच सुरू झाली होती.